नेपाळच्या सिलेखान्यातील रायफली : खरेदी, दुरुस्ती आणि इतिहासाचे साधन

१

इ. स. २००३ मध्ये काठमांडू येथील लगन सिलेखाना या जुन्या वाड्यात साठविलेली लष्करी हत्यारे अमेरिकेतील दोन व्यापारी संस्थांनी नेपाळी अधिकाऱ्यांकडून विकत घेतली. इंटरनॅशनल मिलिटरी अँटिक्स आणि अटलांटा कटलरी ही त्या संस्थांची नावे होत. या साठ्याची कुणकुण खरेदीदारांना इ. स. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच लागली होती. प्रत्यक्ष व्यवहार पुरा होण्यास मात्र सुमारे तीस वर्षे लागली. खरेदीदारांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार बंदुकांचीच संख्या पन्नास हजारांच्या घरात होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीतील गारेच्या बंदुका, ब्रन्स्विक व एन्फील्ड जातीच्या ठासणीच्या रायफली, मागून काडतूस भरावयाच्या स्नायडर व मार्टिनी-हेन्री रायफली, त्यांच्या नेपाळात घडविलेल्या प्रतिकृती, संगिनी, खुकऱ्या आणि तोफा असा तो संमिश्र ऐवज होता. तो जहाजांनी अमेरिकेत गेला, आणि तेथून एकेक नग करून जगभरच्या संग्राहकांच्या घरी पोहोचला.

सिलेखाना हा शब्द मराठी दफ्तरांच्या अभ्यासकास अपरिचित नाही. अरबी 'सिलाह' म्हणजे हत्यार. त्याला फारसी 'खाना' जोडून हा शब्द झाला, व मराठीत तो शिलेखाना या रूपाने रुळला. राज्याचा शिलेखाना म्हणजे केवळ हत्यारांची कोठी नव्हे. राज्याने काय मिळविले, काय घडविले, काय मोडले आणि काय जपून ठेवले, याची ती लोखंडी नोंदवही असते. अशी एक नोंदवही जवळजवळ अखंड स्वरूपात एकविसाव्या शतकापर्यंत टिकावी, आणि मग तिचे पान न् पान सुटे होऊन विकले जावे, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकांनी विचारात घेण्याजोगी आहे.

संग्राहकाच्या दृष्टीने प्रश्न सरळ असतो : जुनी रायफल कोणती घ्यावी, किती किमतीस घ्यावी, आणि घेतल्यावर ती पूर्वरूपास कशी आणावी. परंतु 'पूर्वरूप' या शब्दातच खरी अडचण आहे. कारखान्यातून निघाली त्या दिवशीचे रूप, पलटणीत वापरात होती त्या वर्षांचे रूप, आणि सिलेखान्यात शतकभर पडून राहिल्यानंतरचे रूप, ही एकाच रायफलीची तीन रूपे होत. यांपैकी एक परत आणावयाचे म्हणजे इतर दोन पुसावी लागतात. कोणते पुसले जाते आणि त्याबरोबर कोणता पुरावा नाहीसा होतो, हे नेपाळच्या उदाहरणावरून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

हा साठा कसा जमला, हे प्रथम पाहिले पाहिजे. इ. स. १८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धाची अखेर सुगौलीच्या तहाने झाली. तहाच्या सातव्या कलमान्वये कोणत्याही ब्रिटिश प्रजाजनास, अथवा युरोपीय वा अमेरिकन राष्ट्राच्या प्रजाजनास, इंग्रज सरकारच्या संमतीवाचून नोकरीस ठेवावयाचे नाही, असे नेपाळने मान्य केले. महादजी शिंद्यांना द बॉयन मिळाला आणि त्याच्या पलटणींसाठी आग्र्यास बंदुका ओतणारा सँगस्टर मिळाला. रणजितसिंगास आलार व व्हेंतुरा मिळाले. नेपाळास असा मार्ग कायद्यानेच बंद झाला होता. परदेशी कारागीर नाही, आणि समुद्रकिनारा नसल्यामुळे हत्यारे आणावयाची तर इंग्रजांच्या मुलखातूनच आणावी लागत. तेव्हा जी परदेशी बंदूक हाती येईल ती नमुना म्हणून समोर ठेवून आपल्याच लोहारांकडून तशी घडवून घेणे, एवढाच उपाय उरला.

१४ सप्टेंबर १८४६ रोजी झालेल्या कोतच्या हत्याकांडानंतर जंगबहादुर राणाच्या हाती सत्ता आली. इ. स. १८५० मध्ये त्याने इंग्लंड व फ्रान्सचा प्रवास केला. इ. स. १८५७-५८ मध्ये त्याने आपली फौज घेऊन लखनौच्या मोहिमेत इंग्रजांस साहाय्य केले, व त्याच्या मोबदल्यात पश्चिम तराईचा गेलेला मुलूख इ. स. १८६० मध्ये परत मिळविला. मैत्री वाढली, तरी हत्यारांच्या बाबतीत इंग्रजांचा हात आखडताच राहिला. आपल्या हिंदी शिपायांविषयीही त्यांचे धोरण वेगळे नव्हते. इ. स. १८५७ च्या उठावानंतर हिंदी पलटणींस बिनखाचांच्या नळीच्या बंदुका देण्यात आल्या. पुढे गोऱ्या शिपायाच्या हाती मार्टिनी असता हिंदी शिपायाच्या हाती स्नायडर, आणि गोऱ्याच्या हाती ली-मेटफर्ड आल्यावर हिंदी शिपायाच्या हाती मार्टिनी, अशी एक पिढीचे अंतर राखणारी व्यवस्था दिसते. नेपाळ हे स्वतंत्र राज्य खरे. पण हत्यारांच्या या उतरंडीत त्याची जागा आणखी खाली होती.

नोव्हेंबर १८८५ मध्ये रणोद्दीपसिंहाचा खून करून शमशेर बंधूंनी सत्ता घेतली आणि वीर शमशेर पंतप्रधान झाला. इंग्रजांस गोरखा पलटणींसाठी नेपाळी तरुणांची भरती हवी होती, आणि वीर शमशेरास हत्यारे हवी होती. या देवघेवीत भरतीची मोकळीक व हत्यारांचा पुरवठा ही दोन्ही सूत्रे एकमेकांत गुंतली. ब्रिटनच्या लष्करातून निवृत्त होत असलेल्या मार्टिनी-हेन्री रायफली नेपाळात आल्या त्या या पार्श्वभूमीवर. पुढे २१ डिसेंबर १९२३ च्या तहाने ब्रिटिश हिंदुस्थानमार्गे हत्यारे आणण्याची मोकळीक नेपाळास मिळाली; परंतु नेपाळच्या हेतूंविषयी ब्रिटिश सरकार संतुष्ट असेतोवरच, अशी अट तीतही होती.

हत्यार मिळविणे ज्या राज्यास इतके कठीण, ते राज्य जुने हत्यार मोडीत काढीत नाही. सिलेखान्यात गारेच्या बंदुकीपासून मार्टिनीपर्यंत सर्व पिढ्या एकत्र आढळल्या, याचे मूळ या टंचाईत शोधले पाहिजे.

३

साठ्यातील दोन रायफली शेजारी ठेवून पाहिल्यास हा इतिहास डोळ्यांस दिसू लागतो. एक ब्रिटनहून आलेली मार्टिनी-हेन्री, आणि दुसरी नेपाळात घडविलेली गहेंद्र रायफल.

मार्टिनी-हेन्री ही ब्रिटिश पायदळाने इ. स. १८७१ मध्ये स्वीकारली. तिची मागील यंत्रणा अमेरिकन पीबॉडीच्या कल्पनेवरून स्वित्झर्लंडमध्ये कारखाना असलेल्या मार्टिनीने सुधारलेली, आणि नळीतील सात पेचदार खाचांची योजना एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीची. चापाच्या मागील तरफ खाली ओढली की, मागील टोकाशी बिजागरीने अडकविलेल्या लोखंडी ठोकळ्याचे पुढचे तोंड खाली झुकते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते व नवे काडतूस आत सरकवता येते. काडतुसात ८५ ग्रेन काळी दारू व ४८० ग्रेनची शिशाची गोळी असे. टाचणी पुढे फेकणारी कमान मळसूत्री असून ती ठोकळ्याच्या पोटातच बसविलेली असते. हिच्या सुधारित आवृत्त्या इ. स. १८७७, १८७९ व १८८८ मध्ये निघाल्या. शेवटची, लांब तरफेची आवृत्ती ज्या वर्षी मान्य झाली, त्याच वर्षी ब्रिटनने साठवणीच्या काडतुसांची ली-मेटफर्ड रायफलही मान्य केली. म्हणजे चौथ्या आवृत्तीची मार्टिनी जन्मतःच जुनी ठरली, आणि साम्राज्याच्या कडेस पाठविण्याच्या मालात जमा झाली.

गहेंद्र रायफल हे नाव वीर शमशेरचा पुत्र जनरल गहेंद्र शमशेर याच्यावरून पडले. दोन नळ्यांची, हाताने फिरवावयाची 'वीर' तोफ-बंदूकही इ. स. १८९० नंतरच्या दशकात त्याच्याच नावाशी जोडली गेली. गहेंद्र रायफल बाहेरून मार्टिनीसारखी दिसते व तिच्याच मापाचे काडतूस घेते. यंत्रणा उघडली म्हणजे मात्र फरक कळतो. ठोकळ्याच्या पोटातील मळसूत्री कमानीऐवजी येथे चपटी कमान व आतल्या आत चालणारा घोडा आहे. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या कारखान्याने मार्टिनीत जी सुधारणा केली होती, तिच्याशी ही रचना जुळते. तेव्हा सर्वस्वी स्वतंत्र शोध म्हणून तिचा गौरव करणे योग्य होणार नाही. तथापि निवडीतील शहाणपण लक्षात घेतले पाहिजे. गारेच्या व टोपीच्या बंदुकींच्या कळी घडविताना चपटी कमान तापवून, ठोकून, पाणी देऊन तयार करणे ही विद्या जुन्या लोहारांच्या हातात पिढ्यानुपिढ्या होती. उत्तम पोलादाची एकसारखी मळसूत्री कमान काढणे हे यंत्रशाळेचे काम. ज्या कारागिराला जे साधते तेच ज्या रचनेत लागते, ती रचना नेपाळने पत्करली, असे अनुमान यावरून निघते.

हे अनुमान सुट्या भागांवरून अधिक बळकट होते. एन्फील्डच्या सरकारी कारखान्यातील एका रायफलीचा भाग दुसरीस बसत असे. यंत्रयुगातील उत्पादनाचे ते वैशिष्ट्यच होते. गहेंद्र रायफलीचे भाग कानस चालवून एकमेकांस बसवलेले असतात. म्हणून लहानसहान भागांवरही जुळणीचे आकडे देवनागरीत ठोकलेले आढळतात. यंत्रशाळेस या आकड्यांची गरज नसते, लोहारशाळेस असते. तो एक लहानसा अंक नेपाळच्या औद्योगिक स्थितीविषयी पुष्कळ सांगून जातो.

४

आता खरेदीकडे वळावे. जुनी लष्करी रायफल विकत घेणारा मनुष्य वस्तुतः तिच्यावरील खुणा विकत घेत असतो. मार्टिनीच्या पेटीवर राजमुकुट, व्हिक्टोरिया राणीच्या नावाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि आवृत्तीचा अंक ठोकलेला असतो. ब्रिटिश सरकारी मालकीचा बाण तिच्यावर असतो. आणि ती सरकारी सेवेतून काढून विकली असेल, तर दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले असतात. येथपर्यंत वाचणे पाश्चात्त्य संग्राहकास सोपे आहे. परंतु या खुणा रायफल कोठे व केव्हा झाली एवढेच सांगतात. ती नेपाळात कोणाच्या हाती होती, हे सांगणारी अक्षरे देवनागरीत असतात, आणि ती दस्त्याच्या तळच्या पट्टीवर किंवा नळीवर, बहुधा घाईने ठोकलेली असतात.

येथे मराठी वाचकाचा या विषयाशी खरा संबंध येतो. कारण ही लिपी त्याची स्वतःची आहे. तरीही त्याने सावध राहिले पाहिजे. उत्तरेकडील जुन्या वळणात अ, झ, ण ही अक्षरे आणि ५, ८, ९ हे अंक मुंबई-पुण्याच्या छापील वळणाहून वेगळे असतात. पोलादी ठशाचे चार-पाच घाव घालून काढलेला अंक तर अधिकच फसवा. पलटणींची नावेही ओळखीची असावी लागतात. पृथ्वीनारायण शहाच्या काळी, इ. स. १७६२ मध्ये उभ्या राहिलेल्या श्रीनाथ, कालीबक्ष, वर्दबहादुर आणि सबुज या पलटणींची नावे ज्याला ठाऊक नाहीत, त्याला तीच अक्षरे एखाद्या देवाचे अथवा मालकाचे नाव वाटण्याचा संभव आहे. तसेच 'श्री' या अक्षरापुढील अंक हा क्रमांक समजू नये. नेपाळात राजाच्या नावामागे 'श्री ५' व राणा पंतप्रधानाच्या नावामागे 'श्री ३' लावण्याची रीत होती. तेव्हा हत्यार कोणाच्या नावाने घडले याचा निर्णय त्या एका अंकावर अवलंबून राहू शकतो.

सर्वांत मोठी चूक कालगणनेत होते. रायफलीवर १९४२ हा अंक वाचून ती दुसऱ्या महायुद्धातील समजणारा खरेदीदार विक्रम संवत विसरलेला असतो. त्या संवताचे ते वर्ष इ. स. १८८५-८६ होय. उलट राणाकालीन नाण्यांवर बराच काळ शालिवाहन शक आढळतो. म्हणून वस्तूवर संवताचे नाव नसेल, तर वस्तूची घडण पाहूनच कोणती गणना धरावयाची हे ठरविले पाहिजे. या वाचनास कायद्याचेही महत्त्व आले आहे. अमेरिकेच्या इ. स. १९६८ च्या शस्त्रविषयक संघीय कायद्याने इ. स. १८९८ मध्ये किंवा तत्पूर्वी घडविलेली बंदूक पुरातन मानली आहे, व अशा बंदुकीस त्या कायद्याची सामान्य बंधने लागू होत नाहीत. आता विक्रम संवत १९५५ चा आरंभ इ. स. १८९८ च्या वसंतात होतो आणि शेवट इ. स. १८९९ च्या वसंतात. त्या एका संवताच्या अंकाने रायफल मर्यादेच्या अलीकडची की पलीकडची, हे निश्चित होऊ शकत नाही. शेवटचा अंक ४ आहे की ५, हा लिपिशास्त्रातील क्षुल्लक वाद येथे क्षुल्लक राहत नाही.

भारतातील कायद्याचा रोख निराळा आहे. इ. स. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमात कालबाह्य नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेल्या किंवा नादुरुस्त हत्यारास सूट आहे. पण ते हत्यार दुरुस्ती करून अथवा न करता, दोन्ही प्रकारे, बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसले पाहिजे. म्हणजे अमेरिकेत वस्तूचे वय निर्णायक ठरते, आणि भारतात तिची क्षमता. आजोबांच्या काळची भिंतीवरील बंदूक हौसेने 'चालू' करणाऱ्याने ही अट ध्यानात ठेवणे इष्ट आहे. दुरुस्तीची शक्यतासुद्धा तेथे विचारात घेतलेली आहे.

५

काठमांडूचा माल बाजारात आला तो दोन प्रतींत. काही रायफली सिलेखान्यात होत्या तशा, जुन्या वंगणाच्या व धुळीच्या थरासकट विकल्या गेल्या; काही साफ करून, उणे भाग भरून विकल्या गेल्या. एकाच जातीच्या वस्तूचे हे दोन भाव म्हणजे एका सैद्धांतिक प्रश्नाचे व्यापारी रूप होय. पहिल्या प्रतीत ग्राहक पुरावा विकत घेतो, दुसऱ्या प्रतीत रूप.

अशी न उघडलेली रायफल घरी आणल्यावर संग्राहक सामान्यतः काय करतो? वाळून घट्ट झालेले वंगण घासलेट अथवा टर्पेंटाइन लावून मऊ केले जाते व लाकडी पट्टीने खरवडले जाते. यंत्रणेच्या खिळी काढून ठोकळा, तरफ, कमान व चाप सुटे केले जातात. तांबडा गंज तेलात भिजवून बारीक पोलादी लोकरीने घासतात. किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेचा प्रवाह सोडून तो सोडवितात. किंवा भाग उकळत्या पाण्यात ठेवून तांबड्या गंजाचे काळ्या, टिकाऊ थरात रूपांतर करतात. दस्त्यास जवसाचे तेल चोळले जाते; ब्रिटिश लष्कराचीही तीच पद्धत होती. काळी चिवट वस्तू चार-पाच दिवसांत लखलखीत रायफल होऊन बसते, आणि हे काम करणाऱ्यास जो आनंद होतो तो खोटा नाही.

या प्रत्येक पायरीवर काय जाते, याची यादी मात्र क्वचितच केली जाते. वंगणाच्या थरात ते वंगण कोणते, हत्यार किती वेळा पुन्हा माखले गेले, आणि शेवटी केव्हा उघडले गेले, याचा पुरावा असतो. दस्त्यावर काचकागद चालविला की लाकडात उमटवलेला ब्रिटिश भांडाराचा गोल शिक्का, शिपायाने कोरलेली खूण आणि हाताच्या घामाने आलेला रंग एकदम जातात. यंत्राच्या चाकावर पितळी पट्टी चकचकीत केली की पलटणीच्या नावाची उथळ अक्षरे जातात. सर्वांत घातक पायरी भाग बदलण्याची. दोन अपुऱ्या रायफलींतून एक पुरी करताना १७ आकड्याच्या पेटीत ४३ आकड्याची कमान बसविली जाते. ती बसत नाही म्हणून कानस चालविली जाते. त्या कानशीबरोबर मूळ लोहाराच्या कानशीचे ओरखडे नाहीसे होतात. पुढील अभ्यासकास ती रायफल नेपाळातील जुळणी म्हणून दाखविली जाईल, आणि एकविसाव्या शतकातील परसातल्या कारखान्याचे हस्तकौशल्य एकोणिसाव्या शतकातील काठमांडूच्या नावावर जमा होईल.

दस्त्याच्या मानेशी पडलेली चीर व तीवर बसविलेली पट्टी हे असेच उदाहरण आहे. संग्राहकाच्या यादीत ते व्यंग होय. किंमत त्याने घटते, म्हणून दस्ताच बदलण्याकडे कल असतो. परंतु पट्टी जर पलटणीच्या मिस्त्रीने बसविली असेल, तर टंचाईच्या राज्यात मोडलेले हत्यार कसे वाचविले जात होते याची ती प्रत्यक्ष साक्ष आहे. सुगौलीच्या तहाचे सातवे कलम छापील पुस्तकांत पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. त्या कलमाचा परिणाम लाकडावर व लोखंडावर कसा उमटला, हे अशा पट्टीवरच वाचावे लागते. नव्या दस्त्याबरोबर ते वाक्य खोडले जाते.

रायफल प्रत्यक्ष झाडून पाहण्याचा मोह हा तर स्वतंत्र धोका आहे. हाताने घडविलेल्या नळ्यांची मजबुती एकसारखी गृहीत धरता येत नाही. शंभराहून अधिक वर्षांचा गंज नळीच्या तळाशी काय करून बसला आहे हे बाहेरून दिसत नाही. काडतुसाचा कोठा आणि ठोकळा यांतील अंतर वाढलेले असल्यास रिकामे काडतूस फुटून गरम वायू मागे येऊ शकतो. येथे वस्तूबरोबर माणसाचाही प्रश्न उपस्थित होतो.

६

या विवेचनावरून खरेदी-विक्रीचा सरसकट निषेध करावा, असे मात्र अनुमान काढता येणार नाही. दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. हा साठा विकला गेला तेव्हा नेपाळ इ. स. १९९६ पासून चाललेल्या माओवादी युद्धात सापडले होते. १ जून २००१ रोजी राजघराण्याचा संहार झाला होता. अशा काळात शेकडो टन जुन्या लोखंडाची शास्त्रीय निगा राखणे कोणत्याही गरीब राज्यास अवघड होते. जे विकले गेले नसते ते सर्वच जपले गेले असते, असे समजण्यास आधार नाही. गंज आणि भट्टी हे विक्रीहून अधिक निर्दय मार्ग होते.

शिवाय गहेंद्र रायफल या विक्रीपूर्वी पाश्चात्त्य अभ्यासकांस फारशी परिचित नव्हती. ती हजारो हातांत गेली, उघडली गेली, मोजली गेली, म्हणूनच तिच्या चपट्या कमानीची आणि जुळणीच्या आकड्यांची चर्चा करता येते. वंगणाखालील अक्षरे वंगण काढल्यावाचून दिसत नाहीत. ज्याला जुने संशोधक कागदपत्र 'उघडणे' म्हणत, त्यात घडी मोडण्याची जोखीम होतीच. तेव्हा हात लावू नये, असा नियम येथे निरुपयोगी आहे. हात लावण्यापूर्वी काय करावे व कोठे थांबावे, हाच खरा प्रश्न होय.

वास्तूंच्या जतनाविषयी इ. स. १९६४ च्या व्हेनिस सनदेने घालून दिलेली दोन तत्त्वे येथे उपयोगी पडतात. जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे, हे पहिले. आणि नवा घातलेला भाग एकंदर रूपाशी विसंगत नसावा, परंतु जुन्याहून वेगळा ओळखता यावा, हे दुसरे. रायफलीस ही तत्त्वे लावली म्हणजे व्यवहार्य क्रम असा ठरतो. प्रथम, वंगणास हात लावण्यापूर्वी सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत व वंगणाचा नमुना बाटलीत राखून ठेवावा. दुसरे, प्रत्येक सुट्या भागावरील आकडा, लिपीच्या वळणासकट, वहीत उतरवावा. जुळत नसलेला आकडाही तसाच नोंदवावा, कारण तो पलटणीतील दुरुस्तीचा असू शकेल. तिसरे, सक्रिय तांबडा गंज थांबवावा, पण स्थिर काळा थर व लाकडाचा रंग यांस धक्का लावू नये. जवसाचे तेल लाकडात वाळून कायमचे बसते व कालांतराने काळवंडते. म्हणून पुसून काढता येईल असे मेण अधिक सुरक्षित. चौथे, भाग बदलणे अपरिहार्य असल्यास नव्या भागावर आतील बाजूस वर्ष कोरावे व जुना भाग फेकू नये. पाचवे, ही वही रायफलीबरोबर पुढील मालकाकडे जावी. विक्रीत ती वस्तूचाच भाग समजली जावी.

यांतील शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. सिलेखान्यात एका पलटणीच्या रायफली एकत्र असताना त्यांचा परस्परसंबंध जागेवरूनच कळण्याजोगा होता. साठा फुटल्यावर तो संबंध नोंदीवाचून पुन्हा उभा राहणार नाही. कालीबक्ष पलटणीच्या नावाची एक रायफल एखाद्या संग्राहकाच्या भिंतीवर शोभेची वस्तू आहे. त्याच नावाच्या दोनशे रायफलींची वर्षे, आवृत्त्या व दुरुस्त्या एका तक्त्यात मांडता आल्या, तर राणाकालीन सैन्यास कोणते हत्यार केव्हा मिळाले, याचा लेखी कागदांवाचून निर्णय करता येईल. हे काम एकट्या संग्राहकाचे नाही, आणि केवळ लष्करी इतिहासकाराचेही नाही. त्यास देवनागरीची जुनी वळणे वाचू शकणारा, संवत व शक यांचा मेळ घालणारा आणि धातुकामाची भाषा समजणारा अभ्यासक हवा. मोडी दफ्तरांवर डोळे झिजविलेल्या महाराष्ट्रातील संशोधकांस या कामाची निम्मी पात्रता अगोदरच आहे.

जंगबहादुराच्या व शमशेरांच्या काळचे लोहार आपल्याविषयी काही लिहून गेले नाहीत. त्यांनी ठोकलेले आकडे व कानशीचे ओरखडे एवढाच त्यांचा लेख आहे. रायफल दुरुस्त करणाराच्या हाती तो लेख सर्वांत शेवटी येतो. त्याने कानस उचलण्यापूर्वी वही उघडली, तर तो लेख पुढच्या वाचकापर्यंत पोहोचतो.